लिलावाचे घर आणि कागदातली एक ओळ

(प्रौढ साक्षर वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत. आता घर बांधणारे थोडे आणि बांधलेले घर विकत घेणारे फार. तेव्हा घर विकत घेण्यासंबंधी, आणि त्यातही लिलावात निघालेले घर घेण्यासंबंधी, आज आम्ही तुमच्याशी चार शब्द बोलणार आहोत. हा विषय वकिलांचा आहे, आपला नव्हे, असे कोणी म्हणू नये. पैसा आपला जातो, तेव्हा विषयही आपलाच.

प्रथम घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगताना आमची स्वतःचीही चूक कबूल करावी लागेल.

आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो भगिनी आहेत. त्यांतल्या एक ताई आमच्या रात्रीच्या वर्गाला येत. त्यांचे यजमान चादरीच्या कारखान्यात मागावर कामाला. पंचवीस वर्षे भाड्याच्या खोलीत काढली. फंडाचे पैसे, भिशीचे पैसे आणि थोडे सोने मिळून साडेचार लाखांची जमवाजमव झाली होती. बाकीचे कर्ज काढू, असा विचार होता.

एक दिवस वर्तमानपत्रात बँकेची जाहिरात आली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी, पुढे थोडे अंगण. किमान किंमत रुपये १२,००,०००. त्याच आळीत तसले घर अठरा लाखांना गेले होते. दोघांचे डोळे चमकले. ताई जाहिरात घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, घेऊ का? पाच वर्षं राहू. मग थोरलीला नर्सिंगला घालायच्या वेळी विकू. सहा लाख सुटतील."

आम्ही काय सांगितले? आम्ही म्हणालो, "ताई, बँकेचा व्यवहार आहे. बँक काय फसवील? घ्या बिनघोर."

हीच आमची चूक. आम्ही जाहिरात वरवर पाहिली. किंमत वाचली, तारीख वाचली, बारीक अक्षरे सोडून दिली. ताईंनी मात्र सोडली नाहीत. त्या नव्याने वाचायला शिकलेल्या. बोट ठेवून, एकेक शब्द जुळवून वाचणाऱ्या. घरी जाऊन त्यांनी जाहिरात शेवटपर्यंत वाचली. शेवटी होते, "मिळकत जशी आहे तशी, जेथे आहे तेथे या तत्त्वावर विकली जाईल. खरेदीदाराने स्वतः चौकशी करून घ्यावी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला विचारले, "गुरुजी, चौकशी आपणच करायची असं लिहिलंय. मग बँकेवर भरवसा कशाचा?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. मग आम्ही त्यांच्याबरोबर निघालो.

आता गोष्ट थोडी बाजूला ठेवू आणि लिलाव म्हणजे काय ते समजून घेऊ.

माणूस घर गहाण ठेवून बँकेकडून कर्ज घेतो. हप्ते थकतात. तीन महिन्यांहून अधिक काळ थकले की बँक ते खाते बुडीत जाऊ लागलेले खाते म्हणून धरते. मग २००२ साली झालेल्या कायद्याप्रमाणे बँक पाऊल उचलते. या कायद्याला सगळे 'सरफेसी' म्हणतात. कोर्टात दावा न लावता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार या कायद्याने बँकेला दिला आहे. शेतजमिनीच्या गहाणाला तो लागू नाही.

बँक प्रथम कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस देते. पैसे आले नाहीत तर घराचा ताबा घेते आणि तसे दोन वर्तमानपत्रांत छापते. त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. पुढे विक्रीची नोटीस निघते. पहिल्या लिलावाआधी कर्जदाराला तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंत सगळे देणे फेडून त्याला घर सोडवून घेता येते. बँकेने काही बेकायदा केले असे वाटले तर पंचेचाळीस दिवसांच्या आत त्याला ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते.

हे आम्ही का सांगतो? तर लिलावाच्या घरात कोणीतरी राहत होते, त्याचेही हक्क आहेत, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे म्हणून. कधीकधी ते कुटुंब अजून तेथेच असते. ताबा नुसता कागदावर असतो. त्याला 'प्रतीकात्मक ताबा' म्हणतात. घर मोकळे करून बँकेच्या हातात आले असेल तर तो 'प्रत्यक्ष ताबा'. जाहिरातीत यांतला कोणता शब्द आहे, तो आधी पाहावा.

आता पैशाचा हिशेब. बोली लावण्याआधी अनामत भरावी लागते. ती बहुधा किमान किमतीच्या दहा टक्के असते. म्हणजे बारा लाखांच्या घराला १,२०,००० रुपये. समजा, तुमची बोली १२,४०,००० रुपयांना सुटली. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ३,१०,००० रुपये, त्याच दिवशी किंवा फार तर बँकेच्या कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावा लागतो. आधीची अनामत त्यात धरतात. राहिलेले ९,३०,००० रुपये विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत भरायचे. बँकेने लेखी मुदत वाढवली तरी एकंदर तीन महिन्यांच्या पुढे जाता येत नाही.

आणि नाही भरले तर? तर भरलेला चौथा हिस्सा जप्त होतो. सगळाच्या सगळा. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका खटल्यात अशी जप्ती योग्य ठरवली. तेव्हा बोली लावणे म्हणजे बाजारात भाव विचारणे नव्हे. बोली सुटली की पाय अडकला.

आता पुन्हा आमच्या गोष्टीकडे वळू.

आम्ही आणि ताई नगर भूमापन कार्यालयात गेलो. त्या घराच्या जागेची मिळकत पत्रिका काढली. गावात सातबारा असतो, शहरात मिळकत पत्रिका असते. दोन्ही कागद एकाच कामाचे. जमीन कोणाची आणि कशा हक्काने, हे त्यांत लिहिलेले असते. ताईंनी पत्रिका हातात घेतली आणि बोट ठेवून वाचू लागल्या. एका ठिकाणी बोट थांबले.

"गुरुजी, हे काय? भोगवटादार वर्ग दोन. आणि खाली लिहिलंय, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी."

बंधूंनो, हीच ती एक ओळ.

१९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा आहे. त्यात जमीन धारण करणाऱ्यांचे वर्ग सांगितले आहेत. भोगवटादार वर्ग एक म्हणजे ज्याला आपली जमीन विकण्याची मोकळीक आहे तो. भोगवटादार वर्ग दोन म्हणजे जमीन त्याचीच, पिढ्यान्‌पिढ्या त्याचीच, पण विकण्यावर बंधन. जुनी माणसे याला 'नवीन शर्तीची जमीन' म्हणतात. गाय आपल्या गोठ्यात आहे, पण दावे दुसऱ्याच्या हाती आहे, असा हा प्रकार.

ते घर ज्या वसाहतीत होते, ती जागा अनेक वर्षांपूर्वी सरकारने एका गृहनिर्माण संस्थेला दिली होती. देताना अट घातली होती. घरे हातोहात विकली गेली, बँकेकडे गहाण पडली, लिलावात निघाली. अट मात्र जागच्या जागी राहिली. अट माणसाला चिकटलेली नसते, जमिनीला चिकटलेली असते. मालक बदलला म्हणून ती सुटत नाही.

आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारले. तेथल्या कारकुनांनी नीट सांगितले. हे घर घेताना परवानगी लागेल. सरकारकडे ठरलेली रक्कम भरावी लागेल. पुढे तुम्ही विकाल तेव्हा पुन्हा परवानगी, पुन्हा रक्कम. परवानगी न घेता विकले तर तो शर्तभंग. त्याला दंड आहे, आणि जागा सरकारजमा होण्याचीही भीती आहे.

ताईंनी तेथेच बाकावर बसून हिशेब मांडला. सरकारात भरायचे पैसे, मुद्रांक शुल्क, संस्थेची जुनी थकबाकी, डागडुजी. सहा लाखांचा फायदा विरघळून गेला. शिवाय परवानगी केव्हा मिळेल याचा नेम नाही. मुलीला प्रवेश मिळेल त्या महिन्यात घर विकता आले नाही तर काय करायचे? त्या म्हणाल्या, "गुरुजी, राहायला घर बरं आहे. पण आमचा बेत विकायचा होता. ह्या बेताला हे घर कामाचं नाही." आणि त्यांनी बोली लावली नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण तसे झाले नाही.

त्या घरावर दुसऱ्या पेठेतल्या एका रिक्षावाल्या दादांनी बोली लावली. त्यांची बोली सुटली. चौथा हिस्सा त्यांनी बायकोचे दागिने मोडून आणि मेहुण्याकडून उसने आणून भरला. उरलेली रक्कम कर्ज काढून भरायची होती. दुसऱ्या बँकेच्या वकिलांनी मिळकत पत्रिका पाहिली आणि सांगितले, आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणा, मग कर्ज. दादा अर्ज करीत राहिले. पंधरा दिवस गेले. वाढवून घेतलेली मुदतही गेली. तीन लाखांवर पैसे जप्त झाले.

जप्तीचे पत्र वाचून घ्यायला ते आमच्याकडे आले. आम्ही वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "हा कागद आधी दाखवायला कुणीतरी पाहिजे होतं."

आम्हांला त्या रात्री झोप लागली नाही. ताईंना आम्हीही "घ्या बिनघोर" असेच सांगितले होते. त्या वाचल्या त्या स्वतःच्या वाचनाने, आमच्या सल्ल्याने नव्हे. म्हणून आज हे भाषण.

आता तुम्ही विचाराल, असल्या अटी घालतात तरी कशाला? आपले घर, आपण विकू, यात सरकारचे काय गेले?

याचा नीट विचार करू या. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. १९५८ च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतने खालसा झाली आणि महार वतनाच्या जमिनी वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या. या जमिनींच्या विक्रीवर बंधने घातली. का? कारण काल जमीन मिळालेल्या गरिबाकडून आज सावकाराने चार पैशांत ती काढून घेऊ नये. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, तेही याच कारणाने. सरकारने स्वस्तात दिलेले घर घेऊन कोणी दुसऱ्याच महिन्यात दामदुपटीने विकू लागला, तर गरजू माणूस रांगेतच राहील. म्हणून म्हाडाच्या सोडतीत मिळालेले घर पाच वर्षे विकता येत नाही.

म्हणजे अट ही आपली वैरीण नव्हे. ती कोणाच्या तरी रक्षणासाठी घातलेली असते. अट ठाऊक नसताना व्यवहार करणे, हे खरे वैर.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरकारची किंवा कायद्याची अट वेगळी, आणि एखाद्या खाजगी माणसाने खरेदीखतात लिहिलेली अट वेगळी. विकणारा म्हणाला, "हे घर तुला विकतो, पण तू ते कधीही कोणालाही विकायचे नाही," तर असली कायमची बंदी चालत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ती रद्द ठरवली आहे. पण 'ही अट रद्दच असेल' असे आपण आपल्या मनाने ठरवू नये. कागद वकिलाला दाखवावा.

भाडेपट्ट्याचेही तसेच. काही ठिकाणी जमीन सरकारची, नगरपालिकेची किंवा सिडकोसारख्या महामंडळाची असते. आपल्याला ती ठरावीक वर्षांच्या पट्ट्याने मिळते. तेथे घर विकताना जमीनमालकाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते. पट्ट्याची किती वर्षे उरली तेही पाहावे लागते. घर साठ वर्षांच्या पट्ट्यावर असेल आणि पन्नास सरली असतील, तर पुढचा गिऱ्हाईक हात आखडता घेणारच.

मग लिलावाचे घर घ्यायचेच नाही काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पुष्कळांना अशी घरे चांगली लाभली आहेत. फक्त बोली लावण्याआधी पुढील कामे करावीत.

पहिले काम. सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः काढावी. बँकेने दाखवलेल्या जुन्या नकलेवर विसंबू नये. सातबाऱ्यावर वरच्या भागात भू-धारणा पद्धती लिहिलेली असते. तेथे वर्ग एक आहे की दोन ते पाहावे. 'इतर हक्क' हा रकाना शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. बोजा, बंदी, दावा यांच्या नोंदी तेथे असतात. मिळकत पत्रिकेवर सत्ताप्रकार पाहावा.

दुसरे काम. जुने खरेदीखत, सरकारचा किंवा म्हाडाचा वाटपाचा आदेश, भाडेपट्टा असेल तर तो, हे कागद बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडे मागावेत. कर्ज देताना बँकेने ते घेतलेले असतात. 'हे घर पुढे विकताना कोणाची परवानगी लागते काय?' हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. तोंडी उत्तर पुढे कोर्टात शाबीत करणे कठीण.

तिसरे काम. वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्यावा. साधारण मागच्या तीस वर्षांचे व्यवहार पाहतात. त्याला दोन पैसे लागतात. तीन लाख जाण्यापेक्षा ते स्वस्त.

चौथे काम. घर पाहून यावे. आत कोण राहते, शेजारी काय म्हणतात, वीजबिल, पाणीपट्टी, घरपट्टी किती थकली आहे, संस्थेचे देणे किती, हे विचारावे. संस्थेचे देणे फिटल्याशिवाय भाग तुमच्या नावावर होत नाही.

पाचवे काम. कर्ज काढायचे असेल तर ते बोलीच्या आधी मंजूर करून घ्यावे, आणि त्याच घरासाठी मंजूर करून घ्यावे. नुसते 'देऊ' म्हणणे म्हणजे मंजुरी नव्हे.

सहावे काम. सगळे पैसे भरल्यावर बँक विक्री प्रमाणपत्र देते. घराचे वर्णन, चतुःसीमा, तुमचे नाव आणि त्यात लिहिलेल्या अटी वाचूनच ते हाती घ्यावे. बँक तुम्हांला जुन्या मालकापाशी होता तेवढाच हक्क देऊ शकते. जे त्याच्यापाशीच नव्हते, ते बँक कोठून देणार?

वर्ग दोनची जमीन वर्ग एक करून घेण्याचीही वाट आहे. राज्य सरकारने २०१९ साली तसे नियम केले आहेत. ठरलेले मूल्य भरले की काही प्रकारच्या जमिनींवरचे बंधन उठते. पण सगळ्या जमिनींना ते नियम लागू नाहीत. तेव्हा 'पुढे करून घेऊ' या भरवशावर बोली लावू नये. किती पैसे लागतील आणि ही जमीन त्या नियमात बसते काय, हे आधी विचारावे.

आता शेवट. त्या ताईंचे काय झाले? पुढल्या वर्षी त्यांनी घर घेतले. तेही लिलावातलेच. थोडे लहान, गावाच्या जरा बाहेर. पण जमीन वर्ग एकची, ताबा प्रत्यक्ष, थकबाकी लेखी कळलेली. या वेळी त्यांनी आम्हांला 'घेऊ का' असे विचारले नाही. सगळे कागद वाचून आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "गुरुजी, माझं काही चुकलंय का तेवढं बघा." आम्ही पाहिले. काही चुकले नव्हते.

भगिनींनो, बंधूंनो, वर्गात तुम्ही पहिल्यांदा आपले नाव लिहिलेत तेव्हा तुम्हांला आनंद झाला. आम्हांलाही झाला. पण सही करता येणे ही निम्मीच विद्या आहे. अंगठा उठवणारा न वाचता अंगठा देत होता, आणि आपण न वाचता सही देऊ लागलो, तर फरक काय पडला? सहीच्या वर जे लिहिले आहे ते वाचणे, ही उरलेली निम्मी विद्या. आणि न समजलेल्या ओळीपाशी थांबून 'याचा अर्थ काय?' असे विचारण्यात लाज कसली? आम्ही इतकी वर्षे शिकवतो, तरी ती ओळ आमच्या नजरेतून सुटली. ज्याचे बोट त्या ओळीवर थांबले, त्याचे घर वाचले.

तेव्हा घराचा कोणताही कागद पुढे आला की तीन प्रश्न विचारा. हे घर देणाऱ्याचे आहे काय? यावर कोणाचे देणे आहे काय? आणि उद्या मला विकावेसे वाटले तर कोणाला विचारावे लागेल? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर दिसल्याशिवाय खिशात हात घालू नका. आणि कागद वाचायला सोबत हवी असेल, तर आमचा वर्ग रोज रात्री उघडा आहे. कागद घेऊन या. पण पैसे भरण्याआधी या.